जखमी सैनिकांसाठी महाविद्यालयाचा क्रीडा-उपक्रम : पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

महाविद्यालयाच्या जिमखान्याने एखादी दौड किंवा सामना भरवावा आणि त्यातून जमलेला निधी कर्तव्यावर असताना कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी द्यावा, ही कल्पना दरवर्षी अनेक विद्यार्थ्यांना सुचते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्साह भरपूर असतो, पण लष्करी संस्थांशी पत्रव्यवहार कसा करायचा, पैसे कोणाच्या नावे घ्यायचे, परवानग्या कोणत्या लागतात हे सांगणारे कोणी नसते, त्यामुळे शेवटी घाईघाईने एक समारंभ उरकला जातो आणि ज्यांच्यासाठी तो भरवला ते सैनिक पहिल्या रांगेत शाल-श्रीफळ घेऊन टाळ्या वाजवत बसतात. हे मार्गदर्शन असा उपक्रम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शारीरिक शिक्षण संचालकांसाठी आहे. माझा आग्रह एकच आहे, तो म्हणजे सैनिक मैदानात उतरला पाहिजे आणि निर्णयातही त्याचा वाटा असला पाहिजे. पुढच्या बहुतेक सूचना या आग्रहातूनच आलेल्या आहेत.

खेळ आणि जखमी सैनिक यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारात खेळाला स्थान दिले आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तोच आहे. भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमई (विद्युत व यांत्रिकी अभियंते) दलात असताना ते मुष्टियुद्ध खेळत, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले, पुढे ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अलीकडचे उदाहरण हवलदार होकाटो सेमा यांचे आहे. २००२ मध्ये काश्मीरमधील चौकीबळ भागात सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा पाय गेला, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातील एका अधिकाऱ्याने त्यांची तंदुरुस्ती पाहून त्यांना खेळाकडे वळवले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी गोळाफेक सुरू केली आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १४.६५ मीटर फेक करून कांस्यपदक मिळवले. ही उदाहरणे संयोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगावीत, म्हणजे आपण ज्यांच्यासाठी काम करणार आहोत त्यांच्यातला खेळाडू नजरेआड होणार नाही.

पहिली पायरी : मदत कोणाला, हे आधी ठरवा

‘सैनिकांसाठी’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या संस्थेसाठी किंवा कोणत्या निधीसाठी, हे पहिल्या आठवड्यातच निश्चित करावे, कारण परवानगीचे अर्ज, प्रसिद्धीचा मजकूर आणि बँकेचा व्यवहार हे सारे त्यावर अवलंबून असते.

पुण्यातील महाविद्यालयांना या बाबतीत फार मोठी सोय आहे. खडकी येथे १९७४ साली स्थापन झालेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे कमरेखाली किंवा मानेखाली शरीर लुळे पडलेले सैनिक तेथे दीर्घकाळ, काही जण तर आयुष्यभर राहतात. खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. १९१७ साली पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हाताला काम मिळावे म्हणून सुरू झालेली ही संस्था आजही अपंगत्व आलेल्या सैनिकांना व्यवसाय-प्रशिक्षण देते. वानवडीजवळचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना कृत्रिम हातपाय बसवून देते. ते शासकीय लष्करी रुग्णालय असल्यामुळे तेथे थेट देणगी देण्यापेक्षा तेथील रुग्णांना खेळाडू म्हणून बोलावता येईल का, हे विचारणे योग्य ठरते. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या परिसरात लष्कराचे पॅरालिंपिक प्रशिक्षण केंद्रही आहे आणि होकाटो सेमा तेथेच घडले. या चार ठिकाणांची कामे निरनिराळी आहेत, त्यामुळे एकाच मजकुराचे पत्र चौघांना पाठवू नये.

पुण्याबाहेरच्या महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावे. हे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात नसले तरी शेजारच्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडे तुमच्या जिल्ह्याचे काम असतेच. जिल्ह्यातील माजी सैनिकांची आणि अपंगत्व आलेल्यांची नोंद तेथे असते. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात, जेथे अपशिंगे मिलिटरीसारखे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारे गाव आहे, तेथे खडकीकडे पाहण्याआधी आपल्याच तालुक्यातील घरी परतलेल्या जखमी सैनिकांकडे पाहणे मला अधिक योग्य वाटते. केंद्रातल्या सैनिकाला निदान वैद्यकीय सोय आणि सोबत मिळते, पण गावातल्या घरी राहणाऱ्याला उंबरठा ओलांडणेही कठीण असते.

संस्थेऐवजी निधीला मदत करायची असेल तर दोन मार्ग सरळ आहेत. पहिला सशस्त्र सेना ध्वज दिन निधी. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वज दिन पाळला जातो आणि युद्धात वीरमरण आलेल्यांची कुटुंबे, अपंगत्व आलेले सैनिक व माजी सैनिक यांच्यासाठी हा निधी वापरला जातो. महाराष्ट्रात त्याचे संकलन जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी यांच्यामार्फत होते. दुसरा सशस्त्र सेना युद्धहताहत कल्याण निधी. सक्रिय मोहिमेत प्राण गमावलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या सैनिकांसाठी असलेल्या या निधीला नागरिकांना थेट देणगी देता यावी म्हणून संरक्षण मंत्रालयाने २०२२ मध्ये ‘माँ भारती के सपूत’ हे संकेतस्थळ सुरू केले.

दुसरी पायरी : भेटायला जा आणि विचारा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. समिती आधी कार्यक्रम ठरवते, फलक छापते आणि मग संस्थेला कळवते. तसे न करता कार्यक्रमाची रूपरेषा कोरी असतानाच भेटीची वेळ मागावी.

पत्र प्राचार्यांच्या सहीने आणि महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावर असावे. विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पाठवलेला संदेश लष्करी कार्यालयात पुढे सरकत नाही. महाविद्यालयात एनसीसी असेल तर तुमचे सहयोगी एनसीसी अधिकारी आणि त्यांच्या बटालियनचे कमांडिंग ऑफिसर हा सर्वांत विश्वासाचा दुवा आहे, कारण कमांडिंग ऑफिसर स्वतः सेवेतील अधिकारी असल्यामुळे योग्य व्यक्तीपर्यंत तुमचे पत्र पोहोचवू शकतात. भेटीला येणाऱ्यांची नावे, ओळखपत्रांचे क्रमांक आणि वाहनांचे क्रमांक आधी कळवावेत. पुण्याच्या महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थी बरेच असतात. त्यांच्यापैकी कोणी येणार असेल तर ते पत्रात स्वतंत्रपणे नमूद करावे आणि स्पष्ट होकार आल्याशिवाय त्यांना फाटकापर्यंत नेऊन परत पाठवण्याची वेळ आणू नये. लष्करी परिसरात छायाचित्रण करता येत नाही, आणि फाटकाशी मोबाइल जमा करायला सांगितले तर हुज्जत घालू नये.

पाच-सहा जणांपेक्षा मोठा गट नेऊ नका. तेथील अनेक सैनिक ईशान्येकडील, पंजाबमधील किंवा दक्षिणेकडील असतात, म्हणून सहज हिंदी बोलणारे विद्यार्थी सोबत असावेत. संबोधन हुद्द्याने करावे. ज्युनिअर कमिशन्ड अधिकाऱ्यांना ‘साहेब’ म्हणण्याची लष्करात रीत आहे, तेव्हा ‘सुभेदारसाहेब’ हे संबोधन ‘काका’पेक्षा योग्य. ‘तुम्हाला हे कसे झाले?’ हा प्रश्न विचारू नका. कोणाची इजा शत्रूच्या गोळीने झालेली असते, कोणाची सरावात, कोणाची बर्फाळ रस्त्यावर वाहन दरीत कोसळून, कोणाची रजेवर असतानाच्या अपघातात. युद्धकथा ऐकण्याची अपेक्षा घेऊन गेलेला विद्यार्थी नकळत यातल्या कित्येकांना कमी लेखतो. त्यांनी आपणहून सांगितले तर लक्ष देऊन ऐकावे.

विचारायचे ते असे : तुम्ही सध्या कोणता खेळ खेळता, आमच्या मैदानावर येऊन खेळायला आवडेल का, कोणत्या वेळी सोयीचे पडेल, येण्याजाण्याची व्यवस्था कशी हवी, आणि जमलेल्या पैशातून नेमके काय व्हावे असे वाटते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या अधिकाऱ्यांकडून जसे घ्यावे तसे तेथे राहणाऱ्यांकडूनही घ्यावे. विद्यार्थ्यांना वाटते व्हीलचेअर द्यावी, पण संस्थेची खरी गरज व्हीलचेअरच्या टायरांची, चांगल्या उशांची किंवा व्यायामशाळेतील एखाद्या यंत्राच्या दुरुस्तीची असू शकते. शरीराच्या मापाची नसलेली व्हीलचेअर पडून राहते.

तिसरी पायरी : दिवस आणि माणसे

डिसेंबरचा पहिला आठवडा सर्व दृष्टींनी उत्तम आहे. ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन आणि ७ डिसेंबर हा ध्वज दिन, शिवाय थंडीमुळे सकाळी मैदानावर त्रास होत नाही. अडचण एकच, ती सत्र परीक्षांची. परीक्षा त्याच सुमारास असतील तर १५ जानेवारीच्या सेना दिनाच्या आसपासचा रविवार घ्यावा, मात्र स्नेहसंमेलनाच्या गर्दीत हा कार्यक्रम कोंबू नये. २६ जुलैचा कारगिल विजय दिन भावनेने जवळचा असला तरी पावसात चिखलातून व्हीलचेअर जात नाही, म्हणून त्या दिवशी बंदिस्त सभागृहातील खेळच शक्य आहेत. कोणतीही तारीख घेतली तरी तयारीला चार महिने हवेत.

समितीत जिमखाना, राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसी या तिघांचे विद्यार्थी घ्यावेत. सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम करायचे असते, त्यात हे काम कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या संमतीने धरता येते. हिशेबाचे काम वाणिज्य शाखेच्या दोन विद्यार्थ्यांकडे आणि एका प्राध्यापकाकडे असावे. समितीत एक जागा जखमी सैनिकांपैकी एकाची ठेवावी. प्रत्येक बैठकीला ते येऊ शकणार नाहीत, पण मैदानाची पाहणी, खेळाचे नियम आणि कार्यक्रमाचा क्रम या तीन बाबी त्यांच्या संमतीशिवाय पक्क्या करू नयेत.

चौथी पायरी : खेळ निवडा

नवख्या समितीची पहिली धाव दौडीकडे असते. दौड वाईट नाही, तिच्यात माणसे पुष्कळ येतात आणि निधी जमतो. परंतु केवळ दौड ठेवली तर ज्यांच्यासाठी ती आहे तेच तिच्यात नसतात. म्हणून दौडीसोबत, किंवा दौडीऐवजी, सैनिक आणि विद्यार्थी एकत्र खेळतील असा निदान एक खेळ असावा.

माझी पहिली पसंती बसून खेळायच्या व्हॉलीबॉलला आहे, कारण त्याला जवळजवळ खर्च नाही. मैदान १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे तुमच्या बॅडमिंटन कोर्टाच्या आत मावणारे. जाळ्याची उंची पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि महिलांसाठी १.०५ मीटर असते, त्यामुळे बॅडमिंटनचे जाळे खाली उतरवून सरावाची सोय लगेच होते. सहा-सहा खेळाडू असतात आणि चेंडू खेळताना नितंबाचा भाग जमिनीला टेकलेला असावा लागतो. पाय गमावलेले सैनिक कृत्रिम पाय काढून ठेवून हा खेळ झपाट्याने खेळतात, आणि दोन पायांवर उड्या मारणारा आंतरविद्यापीठ खेळाडू जमिनीवर सरकताना दमून जातो. मात्र मज्जारज्जूची इजा असलेल्यांना हा खेळ सुचवू नका. त्यांना बसून तोल सांभाळणे अवघड असते आणि संवेदना नसलेली कातडी जमिनीवर घासून जखम झाली तरी कळत नाही.

त्यांच्यासाठी व्हीलचेअर बास्केटबॉल आहे. मैदान नेहमीचेच, २८ बाय १५ मीटर, आणि रिंगही नेहमीच्याच ३.०५ मीटर उंचीवर. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना दोनदा ढकलता येते, त्यानंतर तो आपटावा, पास करावा किंवा टाकावा लागतो. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ पर्यंत गुण दिलेले असतात आणि मैदानावरील पाच जणांची बेरीज १४ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणून जास्त इजा असलेल्या खेळाडूलाही संघात जागा मिळते. मैत्रीच्या सामन्यात विद्यार्थ्यांना ४.५ गुणांचे समजून दोन्ही संघ मिश्र करावेत. सैनिक विरुद्ध विद्यार्थी असा सामना टाळावा, कारण त्यात विद्यार्थी एकतर फार वाईट हरतात किंवा मुद्दाम हरतात, आणि दुसरी गोष्ट समोरच्याला लगेच कळते. येथे एक अडचण लक्षात ठेवा. खेळाची व्हीलचेअर वेगळी असते, तिची चाके खालच्या बाजूला फाकलेली असतात म्हणून ती वळताना उलटत नाही. रुग्णालयातील साध्या खुर्च्यांवर हा सामना खेळवू नका. पुरेशा खेळाच्या खुर्च्या मिळत नसतील तर पाचाऐवजी तीन-तीन जणांचा सामना अर्ध्या मैदानावर घ्या.

बसून गोळाफेक हा तिसरा पर्याय. फेकीची चौकट जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेली असावी लागते आणि उशीसकट तिची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये. सेमा ज्या एफ-५७ गटात (पायांचे अपंगत्व असलेल्या, बसून फेकणाऱ्यांच्या एका गटात) खेळतात त्या पुरुष गटाचा गोळा ४ किलोचा असतो. शक्य असेल तेथे फेकणाऱ्या सैनिकाकडूनच विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक मिळावे आणि नंतर विद्यार्थ्यांनीही त्याच चौकटीत बसून फेकावे.

दौड ठेवायची तर अंतर तीन किंवा पाच किलोमीटरचे आणि मार्ग शक्यतो आवारातल्या फेऱ्यांचा ठेवा. व्हीलचेअर आणि हाताने चालवायच्या सायकलींची सुरुवात धावपटूंच्या किमान दहा मिनिटे आधी करा. गतिरोधक, खडी आणि गटारावरच्या लोखंडी जाळ्या यांच्यात पुढची लहान चाके अडकतात, म्हणून आदल्या आठवड्यात एका व्हीलचेअरवर बसून संपूर्ण मार्ग पालथा घाला.

पाचवी पायरी : मैदान आणि प्रकृती

उतारमार्गाचे प्रमाण १ ला १२ असावे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. महाविद्यालयांत एका पायरीवर टाकलेली फळी हा उतार म्हणून खपवला जातो, आणि त्यावरून चौघांनी खुर्ची उचलून नेणे ही मदत नसून अडचण आहे. दाराची मोकळी रुंदी निदान ९० सेंटिमीटर हवी आणि स्वच्छतागृहात खुर्ची वळवण्यासाठी साधारण दीड मीटरची मोकळी जागा हवी. तसे स्वच्छतागृह नसेल तर भाड्याने मिळणारे फिरते स्वच्छतागृह आणा, आणि ते मैदानापासून लांब, पार्किंगच्या मागे ठेवू नका. पिण्याच्या पाण्याचे टेबल बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतके खाली असावे. व्यासपीठाला उतार करता येत नसेल तर व्यासपीठच काढून टाका आणि बक्षीस समारंभ मैदानावर, सर्वांच्या बरोबरीने करा.

प्रकृतीची बाब येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर पटकन तापते. सावलीचा मंडप, पाण्याचे फवारे आणि ओले टॉवेल तयार ठेवा आणि खेळ सकाळी दहाच्या आत संपवा. एकाच स्थितीत फार वेळ बसल्याने कातडीवर व्रण होतात, म्हणून लांबलचक भाषणे ही या कार्यक्रमात खरोखरच अपायकारक आहेत. मधूनमधून हातांवर भार देऊन शरीर उचलण्यासाठी किंवा आडवे होण्यासाठी एक बंद खोली आणि त्यात गादी असलेली खाट ठेवा.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असलेल्यांना आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुंबणे, लघवीची नळी मुरगळणे किंवा घट्ट पट्टा अशा क्षुल्लक कारणानेही त्यांचा रक्तदाब एकाएकी धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. अशा वेळी त्यांना आडवे न करता ताठ बसवावे, पट्टे आणि घट्ट कपडे सैल करावेत, नळी मुरगळली आहे का हे त्यांच्या परिचारकाला पाहायला सांगावे आणि डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. मूर्च्छा आलेल्या धावपटूला आडवे करण्याची आपली सवय येथे उलटी पडते. ही माहिती प्रथमोपचाराच्या स्वयंसेवकांना आदल्या दिवशी द्यावी आणि संस्थेच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनाही सोबत येण्याची विनंती करावी.

फटाके उडवू नका. सुरुवातीचा इशारा पिस्तुलाऐवजी शिट्टीने किंवा झेंड्याने द्या.

सहावी पायरी : परवानग्या

आवाराच्या आत कार्यक्रम असेल तर प्राचार्यांची लेखी मंजुरी, स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी एवढे पुरते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, आणि पहाटेच्या दौडीत हेच विसरले जाते. पावणेसहाला ‘वॉर्मअप’चे संगीत सुरू झाले की शेजारच्या सोसायटीची तक्रार येते.

रस्त्यावर दौड असेल तर वाहतूक पोलीस, पोलीस ठाणे आणि रस्ता ज्यांच्या हद्दीत आहे ती महापालिका किंवा कटक मंडळ (लष्करी छावणीच्या हद्दीचा कारभार पाहणारी संस्था) यांच्याकडे किमान सहा आठवडे आधी अर्ज करावा. खडकी परिसरात एकाच मार्गाचा काही भाग महापालिकेचा, काही कटक मंडळाचा असू शकतो, तेव्हा नकाशा जोडूनच अर्ज करा. रुग्णवाहिका आणि जवळच्या रुग्णालयाचे पत्र अर्जासोबत असले तर काम लवकर होते.

सातवी पायरी : पैसा

नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्या कोणालाही महाराष्ट्रात धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. विद्यार्थ्यांच्या समितीने स्वतःच्या नावावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखाद्या सचिवाच्या यूपीआयवर, देणग्या घेणे हे बेकायदेशीर ठरू शकते आणि हेतू कितीही चांगला असला तरी संशयाला जागा देते.

म्हणून मी दोन प्रवाह वेगळे ठेवण्याचा आग्रह धरतो. प्रवेशशुल्क आणि प्रायोजकांचे पैसे महाविद्यालयाच्या अधिकृत खात्यात घ्यावेत आणि त्यांतून खर्च भागवावा. देणगी मात्र देणाऱ्याने थेट निवडलेल्या संस्थेच्या किंवा निधीच्या खात्यात भरावी. त्यासाठी संस्थेच्या लेखी संमतीने त्यांचाच क्यूआर कोड नोंदणी-टेबलावर लावावा. तो त्यांच्या कार्यालयातूनच घ्यावा, कोठून तरी उतरवून घेऊ नये, आणि लावण्यापूर्वी एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव पडताळावे. देणगीदाराला पावती परस्पर मिळते आणि समितीच्या हातातून देणगीचा पैसा जातच नाही.

प्रवेशशुल्कातून उरेल ते देऊ, असा बेत अनेकदा फसतो. समजा ४०० धावपटूंनी प्रत्येकी २५० रुपये भरले, तर १,००,००० रुपये येतील. टी-शर्टला १५०, पदकाला ६० आणि नाश्त्याला ५० रुपये धरले तर खर्च १,०४,००० रुपये होतो. सैनिकांच्या नावाने चारशे जण धावले आणि सैनिकांपर्यंत काहीच पोहोचले नाही, उलट तूट आली! याला उपाय म्हणजे टी-शर्ट वैकल्पिक ठेवणे, पदकाऐवजी प्रमाणपत्र देणे आणि नाश्ता स्थानिक व्यावसायिकाकडून प्रायोजित करून घेणे. नोंदणी-पत्रकावर ‘शुल्कातील इतके रुपये खर्चासाठी, इतके निधीसाठी’ असे स्पष्ट छापावे आणि ते पाळावे.

देणगीदार प्राप्तिकरातील सवलतीबद्दल विचारतील. ‘८०-जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, पण २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती लागू नाही, वस्तुरूप देणगीला नाही आणि नव्या करप्रणालीची निवड करणाऱ्यालाही नाही. प्रवेशशुल्क ही देणगी नव्हे, हेही सांगून टाकावे.

परदेशातील माजी विद्यार्थी आणि महाराष्ट्र मंडळातील परिचित मदतीस तयार असतात. तेथे एक मर्यादा आहे. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परकीय योगदान मानली जात नाही, परंतु ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी, त्यांची देणगी परकीय योगदान ठरते आणि ती फक्त परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, ठरलेल्या खात्यात घेता येते. अशा देणगीदारांना सरळ संस्थेच्या कार्यालयाशी बोलायला सांगावे.

आठवी पायरी : प्रसिद्धी आणि ध्वजाचा मान

टी-शर्टवर राष्ट्रध्वज छापू नका. ध्वजसंहितेनुसार ध्वज कोणत्याही कापडी पोशाखावर छापता किंवा भरतकामात वापरता येत नाही, आणि छातीवर लावलेल्या कागदी क्रमांकावर तो छापला तर शर्यतीनंतर तो रस्त्यावर पायदळी जातो. राजमुद्रा आणि रेजिमेंटची चिन्हेही लेखी परवानगीशिवाय वापरू नयेत. स्वयंसेवकांना सैनिकी गणवेशाचा भास होईल असे कपडे देऊ नयेत. ध्वज दिनाचे लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन रंग तिन्ही दलांचे असून त्या रंगसंगतीचा फलक साधा आणि देखणा दिसतो.

छायाचित्रासाठी प्रत्येक सैनिकाची वेगळी संमती घ्या. सेवेत असलेल्यांचे नाव आणि पलटण समाजमाध्यमांवर टाकू नका. कृत्रिम पायाचे किंवा जखमेचे जवळून घेतलेले चित्र, त्याखाली करुण मजकूर, हे निधी मिळवण्यासाठी उपयोगी पडत असेलही, पण ते करू नये. चेंडू टाकतानाचे, वाद घालतानाचे, गुण मोजतानाचे चित्र घ्या.

नववी पायरी : प्रत्यक्ष दिवस

सैनिकांच्या गाडीसोबत एक स्वयंसेवक संस्थेतून निघतानाच असावा. खुर्चीला विचारल्याशिवाय हात लावू नये, ढकलायची असेल तर आधी ‘मदत हवी का?’ असे विचारावे आणि बोलताना शेजारी बसून, नजरेच्या पातळीवर बोलावे. पाहुण्यांचे भाषण एकच आणि पाच मिनिटांचे. पहिला सामना मिश्र संघांचा, त्यानंतर दौडीचा निकाल, मग सर्वांचा एकत्र नाश्ता. नाश्त्याला सैनिकांची वेगळी ‘मान्यवर’ रांग करू नका. त्याच टेबलावर पुढच्या वर्षीचे संघ ठरतात. पंच नियमांबाबत काटेकोर असावा आणि सैनिकाचा फाउल झाला तर तो फाउलच द्यावा.

दहावी पायरी : नंतरची कामे

आठ दिवसांत जमाखर्च महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावावा. त्यात प्रायोजक, शुल्क, खर्चाच्या पावत्या आणि शिल्लक दाखवावी, आणि संस्थेकडून थेट जमलेल्या देणगीच्या रकमेचे पत्र मागवून तेही सोबत लावावे. शिल्लक रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी. त्यासाठी सैनिकांना पुन्हा बोलावून पुठ्ठ्याच्या मोठ्या धनादेशासह छायाचित्र काढण्याची गरज नाही, प्राध्यापक आणि दोन विद्यार्थ्यांनी कार्यालयात जाऊन तो द्यावा.

खेळलेल्या सैनिकांकडून काय चुकले, काय आवडले हे विचारून लिहून घ्यावे. या नोंदी, परवानग्यांच्या प्रती, मैदानाची मापे, विक्रेत्यांचे दर आणि संपर्क अधिकाऱ्याचे पदनाम अशी एक धारिका जिमखान्यात ठेवावी, कारण तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी जूनमध्ये निघून जातात आणि नव्या समितीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. शक्य झाल्यास महिन्यातून एका रविवारी मिश्र संघाचा सराव चालू ठेवावा. त्याला निधी लागत नाही, फक्त मैदानाची किल्ली, दोन चेंडू आणि गाडीची सोय लागते. त्याचे वेळापत्रक संस्थेच्या उपचारांच्या वेळा सांभाळून जानेवारीतच ठरवावे.